नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर : कुलूपबंद माहितीची किल्ली कोणाकडे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबवले. विंडोज ११ च्या अटी बऱ्याच जुन्या संगणकांना पूर्ण करता येत नाहीत. त्यामुळे चांगले चालणारे संगणक कार्यालयांतून आणि घरांतून बाहेर पडत आहेत. काही भंगारात जातात, तर काही वस्त्यांमधल्या अभ्यासिकांना आणि वाचनालयांना देणगी म्हणून मिळतात. अशा संगणकांवर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकली की ते आणखी काही वर्षे कामाला येतात, हे आता अनेक कार्यकर्त्यांना ठाऊक झाले आहे.

पण यात एक अडचण पुन्हा पुन्हा येते. पडदा उजळतो, कीबोर्ड चालतो, मराठी टायपिंगही होते, मात्र इंटरनेट लागत नाही. दुरुस्ती करणारा सांगतो, “याचा ड्रायव्हर नाही.” बहुतेक वेळा चर्चा तिथेच संपते आणि संगणक कोपऱ्यात जातो. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज असो की स्पर्धा परीक्षेचा, सगळे ऑनलाइन झालेले असताना इंटरनेट नसलेला संगणक विद्यार्थ्याच्या फारसा उपयोगाचा नसतो.

हा ड्रायव्हर म्हणजे नेमके काय? तो कोण लिहितो? आणि नसतो तेव्हा तो का नसतो? आम्ही संगणक अभियंते नाही, समाजकार्य करणारे आहोत. पण या प्रश्नांच्या मुळाशी गेल्यावर जे दिसते ते केवळ तांत्रिक नाही. माहिती कोणाच्या हातात राहते आणि कोणाला मिळत नाही, हा जुनाच सामाजिक प्रश्न इथे वेगळ्या रूपात उभा आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय?

संगणकातल्या कार्यप्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. मेमरी कोणाला किती द्यायची, कोणता प्रोग्रॅम केव्हा चालवायचा, फाइल कुठे ठेवायची हे कर्नल ठरवतो. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत युनिक्स या कार्यप्रणालीवर काम सुरू झाले. पुढे तिच्याच धर्तीवर अनेक कार्यप्रणाली तयार झाल्या. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेला लिनक्स त्यातलाच. फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी ही त्याच परंपरेतली आणखी काही नावे.

कर्नलला इंटरनेटचे सर्वसाधारण नियम माहीत असतात. माहितीचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा, हरवलेला तुकडा पुन्हा पाठवायचा, हे त्याला येते. पण समोर बसवलेल्या कार्डाशी बोलायचे कसे, हे त्याला आपोआप कळत नाही. कारण प्रत्येक कंपनीची चिप वेगळी असते. चिपमध्ये छोटे छोटे कप्पे असतात. कोणत्या कप्प्यात कोणता आकडा लिहिला की चिप सुरू होते, कोणत्या कप्प्यात पाहिले की तार जोडलेली आहे की नाही ते कळते, हे सगळे चिप बनवणारा ठरवतो. ही माहिती वापरून कर्नल आणि चिप यांच्यात दुभाष्याचे काम करणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर.

संगणक सुरू होताना कर्नल जोडलेल्या उपकरणांची ओळख विचारतो. प्रत्येक उपकरण दोन क्रमांक सांगते, एक उत्पादकाचा आणि एक त्या नमुन्याचा. उदाहरणार्थ, रिअलटेक या तैवानी कंपनीचा क्रमांक १०ईसी आहे आणि तिच्या एका प्रसिद्ध चिपचा ८१३९. प्रत्येक ड्रायव्हरजवळ आपल्याला येणाऱ्या क्रमांकांची यादी असते. क्रमांक जुळला की कर्नल ते उपकरण त्या ड्रायव्हरच्या हवाली करतो. कोणत्याच यादीत क्रमांक सापडला नाही, तर कार्ड जागेवर असूनही कर्नलच्या दृष्टीने ते बिनकामाचे राहते. “ड्रायव्हर नाही” याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो.

आवक-जावक नोंदवहीसारखे काम

ड्रायव्हर जुळल्यावर तो काय करतो, हे सरकारी कार्यालयातल्या आवक-जावक विभागावरून सहज समजते.

ड्रायव्हर संगणकाच्या मेमरीत दोन नोंदवह्या उघडतो. एक जावक टपालाची, एक आवक टपालाची. प्रत्येक वहीत ठरावीक ओळी असतात, उदाहरणार्थ २५६. शेवटची ओळ संपली की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात होते. म्हणून तंत्रज्ञ या रचनेला रिंग, म्हणजे कडे, म्हणतात. प्रत्येक ओळीत तीन मुख्य गोष्टी असतात : पाकीट मेमरीत कुठे ठेवले आहे, ते किती मोठे आहे आणि ही ओळ सध्या कोणाच्या ताब्यात आहे.

पाठवायचे काही आले की ड्रायव्हर जावक वहीत नोंद करतो आणि ती ओळ कार्डाच्या ताब्यात देतो. कार्ड मुख्य प्रोसेसरला त्रास न देता थेट मेमरीतून ते पाकीट उचलते आणि तारेवर सोडते. आवक टपालाचे याच्या उलट. ड्रायव्हर आधीच रिकामी पाकिटे मांडून ठेवतो. बाहेरून काही आले की कार्ड ते रिकाम्या पाकिटात भरते, ओळ ड्रायव्हरच्या ताब्यात परत देते आणि घंटा वाजवते. या घंटेला इंटरप्ट म्हणतात. घंटा ऐकून प्रोसेसर हातातले काम क्षणभर बाजूला ठेवतो आणि आवक वही पाहतो.

वेग वाढला की घंटेचाच त्रास होतो. सेकंदाला एक गिगाबिट वेगाच्या तारेवर इथरनेटची सर्वांत लहान पाकिटे सलग आली, तर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार पाकिटे होतात. प्रत्येकासाठी घंटा वाजली तर प्रोसेसरला दुसरे कामच उरणार नाही. म्हणून आजचे लिनक्स ड्रायव्हर पहिली घंटा ऐकतात, मग घंटा बंद करतात आणि वही रिकामी होईपर्यंत स्वतःच पाने तपासत राहतात. गर्दी ओसरली की घंटा पुन्हा सुरू होते.

हे सगळे ऐकायला सोपे वाटते. पण वहीतली ओळ नेमकी कशी लिहायची, ताबा दाखवण्याची खूण कुठे करायची, घंटा कोणत्या कप्प्यातून बंद करायची, यातला एक तपशील जरी चुकला तरी कार्ड गप्प बसते किंवा संपूर्ण संगणक अडकतो. त्यामुळे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला हुशारीच्याही आधी एका गोष्टीची गरज असते. त्या चिपचे माहितीपत्रक.

एक स्वस्त चिप आणि एक कुलूपबंद चिप

वर उल्लेख केलेली रिअलटेकची ८१३९ चिप रचनेच्या दृष्टीने साधारणच होती. जावक टपालासाठी तिच्यात फक्त चार जागा. आलेली सगळी पाकिटे ती एकाच पट्टीत एकामागून एक ओतत असे, त्यामुळे ड्रायव्हरला प्रत्येक पाकीट तिथून उचलून दुसरीकडे नकलून ठेवावे लागे. फ्रीबीएसडीसाठी तिचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉल यांनी आपल्या सोर्स कोडमध्येच या चिपच्या रचनेवर कडक टीका लिहून ठेवली आहे. तरीही ही चिप स्वस्त होती आणि तिची माहिती मिळत होती. म्हणून लिनक्सपासून बीएसडीपर्यंत सगळीकडे तिचे ड्रायव्हर तयार झाले. ज्या लोकांच्या खिशात महागड्या कार्डाचे पैसे नव्हते, त्यांचे संगणक या साध्या चिपने एकमेकांशी जोडले.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. एनव्हिडिया कंपनीने २००१ मध्ये एनफोर्स नावाचे चिपसेट बाजारात आणले. एएमडीच्या प्रोसेसरसाठी बनलेल्या अनेक मदरबोर्डांवर ते होते. नेटवर्कची सोय त्यातच होती, वेगळे कार्ड घ्यायची गरज नव्हती. पण त्या नेटवर्क भागाचे माहितीपत्रक कंपनीने खुले केले नाही. लिनक्ससाठी तिने ड्रायव्हर दिला, पण त्याचा मुख्य भाग तयार यंत्रभाषेत होता. तो चालवता येत होता, वाचता किंवा दुरुस्त करता येत नव्हता. अशा बंद तुकड्याला तंत्रज्ञ ब्लॉब म्हणतात.

कोणी म्हणेल, चालतो आहे ना, मग वाचायचा कशाला? याची उत्तरे व्यवहारातली आहेत. कर्नल सतत बदलतो आणि बंद तुकडा त्याबरोबर बदलता येत नाही. त्यात सुरक्षेची चूक असली तर ती दुरुस्त करायला कंपनीचीच वाट पाहावी लागते. तो एका कार्यप्रणालीसाठी बनलेला असतो, त्यामुळे दुसरी वापरणारे बाहेरच राहतात. आणि कंपनीचे त्या मालातले लक्ष उडाले, की पैसे देऊन घेतलेली वस्तू हळूहळू निकामी होते. वस्तू तुमची, पण तिची किल्ली दुसऱ्याची, अशी ही मालकी असते.

पाहणारा लिहीत नाही, लिहिणारा पाहत नाही

२००३ मध्ये काही स्वयंसेवी प्रोग्रॅमरांनी यातून वाट काढली. त्यांनी वापरलेल्या पद्धतीला इंग्रजीत क्लीन रूम म्हणतात. आपण तिला ‘स्वच्छ खोलीची पद्धत’ म्हणू. १९८० च्या दशकात आयबीएमच्या पीसीशी जुळणारे संगणक बनवताना कॉम्पॅक आणि फिनिक्स या कंपन्यांनी हीच पद्धत वापरली होती.

पद्धत अशी. एका गटाने उपकरणाचा आणि बंद प्रोग्रॅमचा अभ्यास करायचा. कोणत्या कप्प्यात काय लिहिले की काय घडते, हे निरीक्षणातून शोधायचे. त्यातून फक्त माहितीचा दस्तऐवज तयार करायचा, कोड लिहायचा नाही. दुसऱ्या गटाने बंद प्रोग्रॅम पाहायचाच नाही. समोर आलेला दस्तऐवज वाचून स्वतःचा कोड नव्याने लिहायचा. त्यामुळे नकलेचा आरोप टिकत नाही. कॉपीराइट कोडच्या मांडणीला संरक्षण देतो, चिप कशी चालते या वस्तुस्थितीला नाही.

एनफोर्सच्या बाबतीत कार्ल-डॅनिएल हाइलफिंगर आणि अँड्र्यू डी क्विन्सी यांनी शोधून काढलेली माहिती लिहून ठेवली. त्या दस्तऐवजावरून मानफ्रेड स्प्राउल यांनी ड्रायव्हर लिहिला. त्याचे नाव फोर्स्ड-ईथ. हे सगळे त्या ड्रायव्हरच्या फाइलमध्ये सुरुवातीलाच नोंदवलेले आहे, कोणीही उघडून वाचू शकतो.

अंधारात चाचपडत केलेल्या या कामाच्या खुणाही त्या फाइलमध्ये दिसतात. प्रत्येक नेटवर्क कार्डाला सहा बाइटचा स्वतःचा पत्ता असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. जुन्या एनफोर्स चिपमध्ये हा पत्ता उलट्या क्रमाने ठेवलेला आढळला. म्हणून ड्रायव्हर तो वाचून आधी सुलटा करतो. एका मदरबोर्डाने तर पत्त्याच्या जागी ०१, २३, ४५ असे क्रमाने आकडे भरून ठेवले होते, जणू फॉर्मवर नावाच्या जागी ‘अबक’ लिहावे तसे. असा चुकीचा पत्ता दिसला तर ड्रायव्हर स्वतःच दुसरा पत्ता ठरवतो. काही चिप पाकीट पाठवून झाल्याची घंटा वाजवत नसाव्यात, अशी शंकाही तिथे लिहून ठेवली आहे आणि त्यावर उपाय म्हणून ठरावीक वेळाने स्वतःच तपासणी करणारी व्यवस्था केली आहे. माहितीपत्रक हाती असते तर यातले बरेचसे श्रम वाचले असते.

लिहून ठेवलेले ज्ञान पुढे जाते

यानंतर जे घडले ते आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. फोर्स्ड-ईथ लिनक्सच्या अधिकृत कर्नलमध्ये आला. मग खुद्द एनव्हिडियाच्या अभियंत्यांनी त्यात भर घालायला सुरुवात केली. २००४ नंतरच्या कॉपीराइट नोंदींत कंपनीचे नावही दिसते. ज्या कंपनीने कागद दिले नव्हते, तिलाच शेवटी लोकांनी बांधलेल्या वाटेवरून चालावे लागले.

ओपनबीएसडीच्या मंडळींनी याच चिपसाठी एनएफई नावाचा स्वतःचा ड्रायव्हर तयार केला. तो २००६ मधल्या ३.९ या आवृत्तीत आला. तिथून तो इतर बीएसडी प्रणालींतही गेला. बंद तुकडे कर्नलमध्ये घ्यायचेच नाहीत, ही ओपनबीएसडीची भूमिका आहे. त्या प्रकल्पाचे संस्थापक थिओ डी राट यांनी वायरलेस चिप बनवणाऱ्या कंपन्यांकडे माहितीपत्रकांसाठी जाहीर आग्रह धरला. त्यांना २००४ चा फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला.

पुढे एनव्हिडियाने चिपसेटचा धंदाच बंद केला. पण फोर्स्ड-ईथ लिनक्समध्ये टिकून राहिला. उत्पादन थांबले तरी त्या जुन्या मदरबोर्डांवर इंटरनेट चालू शकले, कारण त्यांचे ज्ञान कंपनीच्या कपाटात बंद राहिले नव्हते.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इथे रॉबर्ट मर्टन आठवतील. विज्ञानातले ज्ञान ही शोधणाऱ्याची खासगी मालमत्ता नसून समाजाची सामाईक ठेव असते, असे त्यांनी १९४२ मध्ये मांडले होते. ड्रायव्हरच्या जगात हे तत्त्व रोज कसोटीला लागते. आणि ज्ञान कुलूपबंद राहिले की त्याची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. ज्याच्याकडे पैसे आहेत तो नवा संगणक घेतो. ज्याच्याकडे नाहीत त्याचा जुना संगणक मुका होतो.

भारतीय कायदाही इथे पूर्णपणे कंपनीच्या बाजूने नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक अपवाद आहे. एखादा प्रोग्रॅम कायदेशीररीत्या ज्याच्याकडे आहे, त्याने स्वतंत्रपणे बनवलेला प्रोग्रॅम इतर प्रोग्रॅमांशी जुळावा यासाठी लागणारी माहिती मिळवली, आणि ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसेल, तर ते उल्लंघन ठरत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ही तरतूद जरूर वाचावी.

अभ्यासिकेसाठी उपयोगी गोष्टी

आता पुन्हा आपल्या देणगीच्या संगणकाकडे वळू. तारेच्या नेटवर्कची अडचण आज सहसा येत नाही. इंटेल आणि रिअलटेक यांच्या बहुतेक चिपचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतात. अडते ते मुख्यतः वायफाय. त्याचे एक कारण फर्मवेअर. हा चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम. ड्रायव्हर लिनक्समध्ये असला तरी अनेक वायफाय चिपना सुरू होताना फर्मवेअरची फाइल द्यावी लागते, आणि ती फाइल बहुधा बंद स्वरूपाची असते. डेबियन ही लिनक्सची जुनी आवृत्ती अशा फाइली मुख्य संचात ठेवत नसे. २०२२ मध्ये तिच्या सदस्यांनी मतदान करून धोरण बदलले. २०२३ च्या डेबियन १२ पासून या फाइली इन्स्टॉलरबरोबरच मिळतात. तत्त्व आणि लोकांची गरज यांत काढलेली ही तडजोड आहे. ती पटो न पटो, निदान तिची चर्चा उघडपणे झाली.

संगणक स्वीकारण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहावे. त्यासाठी हार्ड डिस्कवर काही टाकावे लागत नाही. वायफायची नावे दिसली तर प्रश्नच मिटला. दिसली नाहीत तर टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय’ हा आदेश इंग्रजी छोट्या अक्षरांत द्यावा आणि त्यापुढे जागा सोडून, उणे चिन्हासह ‘एनएनके’ जोडावे. प्रत्येक उपकरणाचे दोन ओळख-क्रमांक आणि त्याला लागलेल्या ड्रायव्हरचे नाव दिसते. कार्डापुढे ड्रायव्हरचे नावच नसेल, तर ते दोन क्रमांक लिहून घ्यावेत. जाणकाराला “वायफाय चालत नाही” असे सांगण्यापेक्षा हे क्रमांक सांगितले, तर नेमके उत्तर लवकर मिळते.

फर्मवेअर उतरवून घ्यायलाच इंटरनेट नसेल, तर अँड्रॉइड मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे यूएसबी टेदरिंग सुरू करावे. मोबाइल अशा वेळी नेटवर्क कार्डासारखा वागतो आणि त्यासाठी लागणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये सहसा असतोच. वायफाय कशानेही चालले नाही, तर तारेची केबल किंवा लिनक्सवर चालणारा छोटा यूएसबी अडॅप्टर हा उपाय नव्या संगणकापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. अडॅप्टर घेताना मात्र दुकानदाराला खोक्यावरचे कंपनीचे नाव नव्हे, तर आतल्या चिपचे नाव विचारावे. एकाच नावाच्या अडॅप्टरमध्ये वेगवेगळ्या चिप निघू शकतात.

शेवटची विनंती अशी, की जे जमले ते लिहून ठेवा. कोणता संगणक, कोणते क्रमांक, कोणता ड्रायव्हर, कोणती फाइल लागली, हे अभ्यासिकेच्या एका वहीत नोंदवा आणि शेजारच्या वस्तीतल्या अभ्यासिकेलाही त्याची प्रत द्या. हाइलफिंगर आणि डी क्विन्सी यांनी आपली निरीक्षणे लिहून दिली, म्हणून स्प्राउल यांना ड्रायव्हर लिहिता आला. आपल्या वहीवरूनही दुसऱ्या एखाद्या अभ्यासिकेचा संगणक सुरू होईल.